संतापलेले व्याज : एका इंग्रजी विशेषणाची कुळकथा

महाविद्यालयातील भाषांतराचे तास हे विनोदी वाङ्मयाचे एक अक्षय्य भांडार आहे, हे आम्ही अनुभवावरून सांगतो. परंतु मध्यंतरी एका उत्तरपत्रिकेत जे वाक्य आमच्या वाचनात आले त्याने प्रथम हसू आणले आणि मग बरेच दिवस आमचा पिच्छा पुरविला. उतारा आम्हीच नेमलेला होता. १८७५ साली पुणे व अहमदनगर ह्या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले त्यांची हकीकत त्यात थोडक्यात दिली होती, आणि सावकारी व्याजास तेथे 'आउटरेजस' असे विशेषण लाविले होते. पारनेरकडच्या एका विद्यार्थ्याने त्याचे मराठी केले ते असे : 'सावकारांच्या संतापलेल्या व्याजामुळे शेतकरी बुडाले.'

तांबड्या शाईची रेघ ओढावयास आम्ही लेखणी उचलली खरी, पण ती काही क्षण तशीच राहिली. मुलाने शब्दकोश पाहिला नव्हता, हे उघड आहे; पण त्याने विचार केला होता, हेही तितकेच उघड आहे. 'आउट' म्हणजे बाहेर, 'रेज' म्हणजे क्रोध. तेव्हा ज्याचा क्रोध बाहेर फुटला आहे ते 'आउटरेजस'. तर्क मोठा सरळ आहे, आणि तो सर्वस्वी चुकीचा आहे. परंतु ह्या चुकीत आमचा विद्यार्थी एकटा नाही. ज्यांची ती भाषा आहे त्या इंग्रजांनीच हीच चूक शेकडो वर्षे केली, आणि अखेर शब्दाला आपल्या चुकीप्रमाणे वागावयास लाविले. शब्दाच्या व्युत्पत्तीची चर्चा म्हणजे पंडितांचा रिकामपणचा उद्योग, असे कित्येक सुशिक्षित गृहस्थांचे मत आहे. ह्या एका शब्दापुरते तरी ते मत बदलावे लागेल, असे आम्हांस वाटते. तो शब्द कोठून आला ह्यावर, अपराध कशाला म्हणावयाचे हे अवलंबून आहे.

'आउटरेज' हा शब्द इंग्रजीत चौदाव्या शतकाच्या सुमारास जुन्या फ्रेंच भाषेतून आला. त्याचे मूळ लॅटिन 'अल्ट्रा', म्हणजे पलीकडे. ज्या 'अल्ट्रा'मुळे जांभळ्या रंगापलीकडील किरणांस आपण अतिनील म्हणतो तोच हा. फ्रेंच भाषेत त्याचे रूप झिजून 'ऊत्र' असे झाले आणि त्यास 'आज' हा भाववाचक प्रत्यय लागला. हा प्रत्यय इंग्रजीत 'एज' होऊन शेकडो शब्दांच्या शेपटीस लटकलेला आहे. 'करेज' ह्या शब्दातही 'रेज' आहे आणि 'मॅरेज'मध्येही ते ऐकू येते. परंतु तेथे कोणी त्याचा अर्थ क्रोध असा करीत नाही, निदान लेखी तरी करीत नाही. 'करेज' म्हणजे हृदयाचा गुण, तसे 'आउटरेज' म्हणजे पलीकडेपणा, अतिपणा. प्रारंभी इंग्रजीत खाण्यापिण्यातील असंयमासही हा शब्द चालत असे. चार घास अधिक खाणारा, दोन प्याले अधिक घेणारा, ऐपतीबाहेर खर्च करणारा, असे सगळे त्याच्या कक्षेत येत. त्यात संताप कोठेच नव्हता. मर्यादेची एक रेघ होती, आणि ती कोणी तरी ओलांडली होती.

आता आमच्या 'अत्याचार' शब्दाकडे वाचकांनी पाहावे. अति अधिक आचार. आचाराची जी रीत ठरलेली आहे तिच्या पलीकडे जाणे. एक शब्द रोमनांनी घडविलेला आणि फ्रेंचांनी झिजविलेला, दुसरा आमच्या वैयाकरणांच्या टाकसाळीतला. दोघांची कधी भेट झालेली नाही. तरी दोघांच्या पोटात एकच चित्र आहे. 'आउटरेज'ला मराठीत अत्याचार म्हणावे, हे केवळ भाषांतराच्या सोयीचे नसून ती एका घराण्याच्या दोन शाखांची ओळख पटविण्यासारखी गोष्ट आहे.

क्रोधातून निघालेला शब्द मराठीत नाही असे मात्र नव्हे. आपला 'गजब' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थच क्रोध, कोप. त्या भाषेत कोप होता तो फारशीच्या वाटेने येता येता आमच्याकडे उत्पात झाला, पुढे नवल झाला, आणि आता 'गजब केलीस' हे शाबासकीसारखे म्हटले जाते. इंग्रजांनी जेथे क्रोध नव्हता तेथे तो शोधून काढला, आणि आम्ही जेथे होता तेथून तो घालवून दिला. भाषेच्या दरबारात असला न्याय नित्य चालतो. 'जुलूम' शब्दाची गोष्ट ह्याहून बोधक आहे. अरबी कोशकार त्याची व्याख्या अशी करीत की, एखादी वस्तू तिच्या जागी न ठेवता भलत्या जागी ठेवणे म्हणजे जुलूम. येथेही पुन्हा स्थानच आहे, मर्यादाच आहे. मारहाण आणि आरडाओरडा मागाहून आला.

अतिरेक दाखविणाऱ्या इंग्रजी विशेषणांपैकी पुष्कळशी मुळात शेतावरची आणि सुताराच्या वखारीतली आहेत, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांस सांगितली म्हणजे त्यांचे चेहरे खुलतात. ती मुले बव्हंशी शेतकऱ्यांची असतात. 'एक्झॉर्बिटंट' हा शब्द भारी किंमतीस आणि व्याजास लावतात. त्यातील 'ऑर्बिटा' म्हणजे गाडीच्या चाकाने जमिनीत पाडलेली रेघ. म्हणजे आपली चाकोरी. पावसाळ्यात श्रीगोंदे किंवा कर्जतकडच्या काळ्या रानातून ज्याने बैलगाडी हाकली आहे त्याला चाकोरी सोडण्याचा अर्थ प्राध्यापकाने सांगावयास नको. चाक आसापर्यंत रुतते. 'डिलिरियम'मधील 'लिरा' म्हणजे नांगराच्या फाळाने पडणारे तास. तास सोडून वाकडातिकडा गेलेला नांगर, तशी ज्वराने भ्रमलेल्या माणसाची बडबड. 'इनॉर्मस'मधील 'नॉर्मा' म्हणजे सुतारगवंड्यांचा गुण्या. जे गुण्यात बसत नाही ते 'इनॉर्मस'. आज त्याचा अर्थ केवळ प्रचंड असा उरला असला तरी त्याच्याच भावंडाला, 'इनॉर्मिटी'ला, महापातकाचा वास अजून येतो. 'इग्रीजस' म्हणजे कळपाबाहेरचा. हा शब्द प्रथम स्तुतीचा होता, कळपातून उठून दिसणाऱ्या श्रेष्ठ पुरुषाचा. पुढे तो असा पालटला की आता ठळक चुकीखेरीज दुसऱ्या कशासही तो लावीत नाहीत.

आम्ही ह्याच्या नेमके उलट केले आहे. 'चाकोरीबाहेरचा' हे शब्दशः 'एक्झॉर्बिटंट'चे भाषांतर आहे, पण मराठीत तो गौरवाचा शब्द आहे. चाकोरीबाहेरचा लेखक, चाकोरीबाहेरचा शिक्षक असे आपण म्हणतो, आणि चाकोरीतला म्हणजे कंटाळवाणा. ह्यात काय चुकले असे कोणी विचारील. काही चुकले नाही. परंतु ज्या समाजाने रूढीच्या खोल चाकोऱ्यांत शतकानुशतके धक्के खाल्ले, त्याला चाकोरी सुटली तर मोकळे वाटावे, आणि ज्या रोमनांनी स्वतः मजबूत रस्ते बांधले त्यांना ती सुटली तर संकट वाटावे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठीतील अतिरेकाचे इतर शब्द निराळ्या धंद्यांतून आले आहेत : 'बेताल' गाण्याच्या बैठकीतून, 'बेलगाम' घोड्याच्या पागेतून, 'मोकाट' गुरांच्या दावणीतून, 'बेसुमार' हिशेबाच्या वहीतून. बाजारभावाला आणि व्याजाला लावावयाचा आमचा खास शब्द 'अवाच्या सव्वा'. तो कोणत्याही कोशातील संस्कृत शब्दाहून नेमका आहे, आणि आमच्या विद्यार्थ्याने तो लिहिला असता तर आम्ही पूर्ण गुण देऊन मोकळे झालो असतो. परंतु मग हा लेखही लिहावा लागला नसता, आणि पुढे जे सांगावयाचे आहे ते आमच्याही ध्यानात आले नसते.

त्या उताऱ्यातील व्याज खरोखर रेघेपलीकडचे होते काय? हा प्रश्न विचित्र वाटेल. ज्या व्याजापायी माणसे जमिनीस मुकली ते अवाजवी नव्हते असे कोण म्हणेल? पण हिशेब मांडून पाहावा. हिंदू धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम प्रसिद्ध आहे : एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुदलाहून अधिक होता कामा नये. मुंबई इलाख्यातील न्यायालयेही हा नियम मानीत. ही ती रेघ, शास्त्राने आखलेली आणि सरकारने मान्य केलेली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली. जुनीपुराणी खते उकरून ऋणकोस कोणी छळू नये, हा त्यामागील हेतू, आणि हेतू म्हणून तो निर्दोष होता. परिणाम असा झाला की, दर तीन वर्षांनी सावकार कुणब्यास बोलावून जुने खत रद्द करी आणि तोवरचे व्याज मुदलात मिळवून नवे खत लिहून घेई. शेकडा दरमहा दोन रुपये हा दर धरा. शंभर रुपयांवर तीन वर्षांचे व्याज बहात्तर रुपये. नवे खत १७२ रुपयांचे. आणखी तीन वर्षांनी २९५ रुपये आणि वर काही आणे. आणखी तीन वर्षांनी सुमारे ५०९. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे झाले, आणि ह्या अवधीत एकाही खतावर व्याज मुदलाहून अधिक झालेले नाही. बहात्तर हे शंभराहून कमीच आहेत. दामदुपटीची रेघ जागच्या जागी आहे, तिला कोणी पाऊल लाविलेले नाही, आणि कुणब्याचे शेत मात्र गेले आहे. चाकोरी न सोडता गाडी माणसावरून गेली.

१८७५ पूर्वीची हकीकत वाचकांस ठाऊक असेलच. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर कापसाला सोन्याचे दिवस आले, सावकारांनी हात सैल सोडला. १८६५ साली युद्ध संपले आणि भाव कोसळले. त्याच सुमारास जमिनीच्या फेरपाहणीत सारा वाढला. सावकाराने नवे कर्ज आखडले आणि जुन्याचा तगादा लाविला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, आणि थोड्याच दिवसांत तो पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत ह्या आमच्या तालुक्यांत पसरला. सुप्यास दुकाने व घरे लुटली गेली, जाळपोळ झाली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सरकारने नेमलेल्या समितीनेच नमूद करून ठेविले की, जमावाचा रोख खतांवर आणि हुकूमनाम्यांवर होता. ते कागद मुकाट्याने हाती दिले तेथे पुढे बहुधा काही झाले नाही. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ लोक धरले गेले व त्यांतील ५०१ जणांस शिक्षा झाली. कागद जाळणे हे उघड उघड रेघेपलीकडचे कृत्य होते. त्यास गुन्ह्याचे नाव होते, कलम होते. नऊ वर्षांत शंभराचे पाचशे करण्यास मात्र कलम नव्हते. विशेषण तेवढे होते.

आयर्लंडातही त्या शतकात हाच अनुभव होता. तेथील पोलिसांच्या दप्तरात 'आउटरेज' हे एक सदरच असे. कुळाने जमीनदाराची गंजी पेटविली, गुरांस इजा केली, धमकीची चिठ्ठी डकविली, की त्या सदरात नोंद होई. जमीनदाराने कुटुंबास ऐन हिवाळ्यात छपराबाहेर काढले तर ती त्या सदरातील नोंद नव्हती. ते कायदेशीर निष्कासन होते. ज्याच्या हाती दप्तर असते तो रेघ आखतो, आणि दप्तरातील शब्द मग शब्दकोशात शिरतो. आमच्या इकडे निदान एवढे झाले की, समितीचा अहवाल १८७८ साली विलायतेत पार्लमेंटपुढे गेला, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर ह्या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. त्याने न्यायाधीशास असा अधिकार दिला की, त्याने खतावरील आकड्याशी न थांबता मागे जावे, अगदी पहिल्या देवघेवीपर्यंत खणून काढावे, आणि मुद्दल किती व व्याज किती ते निरनिराळे मांडावे. आमच्या मते ह्या तरतुदीत जे भाषाशास्त्र आहे ते पुष्कळ भाषाशास्त्रज्ञांत नाही. अतिरेक कोठे झाला हे शेवटच्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी मुळाकडे जावे लागते.

क्रोधाचा प्रश्न अद्याप राहिलाच आहे. 'आउटरेज'मध्ये 'रेज' आहे अशी समजूत पसरल्यावर शब्दाचा अर्थ हळूहळू हलू लागला. प्रथम अतिरेक, मग हिंसक अतिरेक, मग घोर अपमान, आणि अखेर पाहणाऱ्याच्या मनात उठणारा संताप. आज इंग्रजीत 'लोकांत आउटरेज पसरले' म्हणतात तेव्हा लोकांनी अत्याचार केला असा अर्थ होत नाही. लोक खवळले, असा होतो. अपराध्याच्या कृतीचे जे नाव होते ते प्रेक्षकाच्या भावनेचे झाले. हे स्थलांतर दिसते तितके निरुपद्रवी नाही, आणि त्याचा प्रत्यय इंग्रजी वाङ्मयापेक्षा आपल्या फौजदारी कायद्यात अधिक येतो.

१८६० च्या दंडसंहितेत हे क्रियापद दोन प्रसिद्ध ठिकाणी होते. कलम ३५४ मध्ये स्त्रीच्या विनयाचे 'आउटरेज', आणि १९२७ साली घातलेल्या कलम २९५-अ मध्ये धार्मिक भावनांचे 'आउटरेज'. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलमांचे आकडे ७४ आणि २९९ झाले, क्रियापद इंग्रजीत होते तेच राहिले. मराठीत मात्र आपण दोन ठिकाणी दोन शब्द वापरतो. पहिल्यास म्हणतो विनयभंग, आणि दुसऱ्यास बोलीत म्हणतो भावना दुखावणे. भंग हा करणाऱ्याने केलेला असतो; मूर्ती भंगली की भंगली, कोणास वाईट वाटो वा न वाटो. दुखणे हे ज्याचे त्याचे असते. एका शब्दाने न्यायाधीशाची दृष्टी कृतीकडे वळते, दुसऱ्याने ती फिर्यादीच्या चेहऱ्याकडे वळते.

हा भेद काल्पनिक नाही. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे पंजाबातून एक प्रकरण आले. साडेसात महिन्यांच्या बालिकेवर एका पुरुषाने अत्यंत किळसवाणा हात टाकला होता. जिला लज्जा म्हणजे काय हे कळण्याचे वयच नाही तिचा विनयभंग होऊ शकतो काय, असा प्रश्न होता. तो होऊ शकत नाही असे उच्च न्यायालयाने धरले होते, आणि सर्वोच्च न्यायालयातही मुख्य न्यायमूर्तींचे मत भिन्न पडले. परंतु बहुमताने निर्णय असा झाला की, स्त्रीचा विनय तिच्याबरोबर जन्मतो, अपराध्याचा हेतू हा ह्या गुन्ह्याचा गाभा आहे, आणि पीडितेस संताप किंवा लज्जा वाटली नाही म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही. ज्यांना व्युत्पत्ती निरर्थक वाटते त्यांनी हा निर्णय वाचावा. 'आउटरेज' म्हणजे क्रोध असे धरले तर त्या बालिकेवर काहीच घडले नाही. 'आउटरेज' म्हणजे रेघ ओलांडणे असे धरले तर जे घडले ते पुरते घडले.

दुसऱ्या कलमाची गोष्ट उलट आहे. कायद्याची अट अशी आहे की, कृत्य हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेले असले पाहिजे. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम वैध ठरविले तेही ह्याच अटीच्या आधारावर. पण बोलीतील 'भावना दुखावल्या' ह्या शब्दप्रयोगात हेतूला जागाच नाही. नाटककाराने काय लिहिले, इतिहासकाराने कोणता कागद पुढे आणला, हे पाहण्यापूर्वीच कोणाचे तरी दुखू लागते, आणि दुखले हाच पुरावा होतो. कायद्याचे शब्द ज्यांनी वाचले नाहीत अशांनी कायदा हाती घ्यावा, ह्याचे अर्धे खापर आम्ही ह्या ढिल्या भाषांतरावर फोडतो. कोणी म्हणेल, प्राध्यापकास सर्व रोगांचे मूळ व्याकरणात दिसते. दिसत असेल, पण येथे ते आहे.

आता स्वतःच्या घराकडे पाहू. असले शब्द दोन रीतींनी नासतात. एक रीत खेळकरपणाची. इंग्रजीत आज टोपी 'आउटरेजस' असते, विनोद 'आउटरेजस' असतो, आणि तो स्तुतीचा शब्द असतो. हॅम्लेटने आपल्या प्रसिद्ध स्वगतात हेच विशेषण क्रूर दैवास लाविले होते, हे आठवले म्हणजे वाईट वाटते. मराठीतही आपण भयंकर सुंदर, जबरदस्त गोड असे म्हणतोच, आणि लावणीत तर डोळेही जुलमी असतात. ह्याबद्दल आम्ही फारशी कुरकूर करीत नाही. भाषेला खेळावयास अंगण लागते. 'अत्यंत' म्हणजे अंताच्याही पलीकडचे, तो शब्द झिजून नुसता 'फार' झाला तरी आभाळ कोसळले नाही.

दुसरी रीत संकोचाची, आणि तिची आम्हांस खरी भीती वाटते. अतिप्रसंग हा तर्कशास्त्रातला पारिभाषिक शब्द. लक्षण जेथे लागू व्हावयाचे त्याच्या पलीकडे पसरले, तर तो अतिप्रसंग. मराठीत तो स्त्रीच्या अंगाशी झोंबणाऱ्या पुरुषाच्या कृत्यावरील पडदा झाला. तीच गत आता अत्याचाराची झाली आहे. वृत्तपत्रात 'मुलीवर अत्याचार' असे शीर्षक आले म्हणजे प्रत्येक वाचक बलात्कार असे वाचतो, पण तो शब्द घरात मोठ्याने उच्चारावा लागत नाही. सभ्यतेची सोय झाली. आमचा प्रश्न असा की, ज्या मुलीला धनदांडग्यांनी भर चौकात काठ्यांनी मारले तिच्यावर काय झाले म्हणावयाचे? आणि ज्या कुटुंबाला गावाने पाणी बंद केले त्याच्यावर काय झाले? शब्द एका अर्थाने अडवून ठेविला की बाकीचे अर्थ उघड्यावर पडतात.

१९८९ साली दलित व आदिवासी समाजांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला त्याच्या मराठी नावात 'अत्याचार प्रतिबंध' असे शब्द आहेत. परंतु लोकांनी ते नाव टाकून इंग्रजी 'ॲट्रॉसिटी' उचलले. तोही शब्द लॅटिनच, ज्याच्या मुळाशी काळेकुट्ट, उग्र दिसणे आहे. आता गावोगाव 'ॲट्रॉसिटी केली' ह्याचा अर्थ काय होतो, हे कोणत्याही एस.टी.च्या थांब्यावर ऐकावे. अत्याचार केला असा होत नाही; अत्याचाराची फिर्याद दिली असा होतो. कृत्याचे नाव फिर्यादीला गेले, आणि त्याबरोबर दोषाची छटाही फिर्यादीकडेच गेली. आमच्याच जिल्ह्यात जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातील सोनईस तीन दलित तरुणांची हत्या झाली. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातील कोपर्डीस एका शाळकरी मुलीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. दोन्ही वेळा सारा महाराष्ट्र हादरला, आणि दुसऱ्या घटनेनंतर निघालेल्या मोर्च्यांत पहिल्या प्रकारच्या अपराधांसाठी असलेल्या कायद्यात बदल करण्याची मागणीही निघाली. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हांस एवढेच दिसले की, दोन्हीकडील लोक संतापाची भाषा बोलत होते. कोणाचा संताप मोठा ह्याची मोजदाद चालली होती. आणि सोनईस व कोपर्डीस जी रेघ ओलांडली गेली ती एकच रेघ होती, हे म्हणावयास जो शब्द हवा तो मराठीत असूनही कोणाच्या तोंडी येत नव्हता.

असो. विद्यार्थ्याच्या वाक्याचे काय केले, हे सांगावयाचे राहिले. 'संतापलेल्या' ह्या शब्दाखाली आम्ही शेवटी रेघ ओढली आणि समासात 'अवाच्या सव्वा' असे लिहिले. पुढे एक दिवस तो पोरगा ती उत्तरपत्रिका घेऊन आमच्याकडे आला. त्याला गुण वाढवून नको होते. त्याने शंभराचा हिशेब स्वतः मांडून आणिला होता, आमच्याहून नीट, आणे-पैशांसुद्धा. त्याचे म्हणणे असे की, सर, अवाच्या सव्वा म्हणावे तर दर त्या काळच्या रिवाजातलाच होता, आणि दामदुपट तर कोठेच मोडलेली नाही. मग हे विशेषण व्याजाला लावावयाचे की खत फिरवून लिहिण्याच्या पद्धतीला? आम्ही उतारा पुन्हा काढून पाहिला. इंग्रजीत ते व्याजालाच लाविलेले होते. भाषांतरकाराने मुळाबरहुकूम जावे, असे आम्ही त्याला सांगितले. परंतु पुढील वर्षी उतारा नेमताना आम्ही ते विशेषण तेथून उचलून पद्धतीच्या मागे नेऊन ठेविले आहे.